लेखणी थांबते तेव्हा

टीव्हीवर रोज रात्री हसवणारा माणूस आपल्या ओळखीचा असतो. त्याच्या तोंडी वाक्य देणाऱ्याचे नाव मात्र आपल्याला सहसा ठाऊक नसते. मुशायऱ्यात तसे होत नाही. तिथे शायर स्वतःचे शब्द घेऊन माइकसमोर उभा राहतो; दाद मिळाली तरी त्याची, न मिळाली तरी त्याचीच. टीव्हीत लिहिणारा एक, टाळ्या घेणारा दुसरा. म्हणूनच लिहिणारे संपावर गेले, की काय होते ते समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत रात्री उशिरा गप्पा-विनोदाचे कार्यक्रम लागतात. सूत्रधार त्या दिवसाच्या बातम्यांवर टिप्पणी करतो, मग पाहुण्यांशी बोलतो. ही टिप्पणी लेखकांचा एक गट त्याच दिवशी लिहितो. आपल्या भिवंडीतले माग थांबले, तर गोदामातला माल काही दिवस तरी विकता येतो. मालिकांचेही तसेच, चित्रित झालेले थोडे भाग हाताशी असतात. पण ताज्या बातमीवरचा विनोद हा भाजीबाजारातला माल. कालचा आज चालत नाही. म्हणून संपाचा पहिला फटका या कार्यक्रमांना बसतो. २ मे २०२३ रोजी अमेरिकी लेखकांचा संप सुरू झाला आणि हे कार्यक्रम लगोलग जुन्या भागांवर आले.

वाहिनीचा निर्मितीखर्च काही काळ वाचतो, पण शिळ्या भागांना प्रेक्षक कमी आणि म्हणून जाहिरातींचा भावही कमी. सूत्रधाराची अडचण याहून वेगळी. तो वाहिनीचा चेहरा असतो आणि अनेकदा त्याच लेखक-संघटनेचा सभासदही. संपाशी इमान राखावे, तर त्याच्या कार्यक्रमातले रंगभूषाकार, सुतार, कॅमेरावाले घरी बसतात.

२००७-०८ च्या संपात हा पेच उघडपणे दिसला. संप १०० दिवस चालला. डेव्हिड लेटरमन यांच्या स्वतःच्या निर्मितीसंस्थेने संघटनेशी वेगळा करार केला आणि जानेवारी २००८ मध्ये ते लेखकांसह परतले. जे लेनो आणि कोनन ओब्रायन यांचे कार्यक्रम वाहिनीच्या मालकीचे. ते लेखकांविना परतले. ओब्रायन यांनी त्याआधी लेखक नसलेल्या सहकाऱ्यांचे पगार स्वतःच्या खिशातून दिले होते. लेनो यांनी आपली टिप्पणी स्वतःच लिहिली, तर संघटनेने त्यालाच हरकत घेतली. २०२३ मध्ये पाच सूत्रधारांनी मिळून ध्वनिमुद्रित गप्पांची मालिका काढली आणि तिची कमाई कार्यक्रमांतल्या बेकार कर्मचाऱ्यांसाठी ठेवली.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कुणी म्हणेल. पण नोव्हेंबर २००८ मध्ये आपल्याकडेही हेच घडले. चित्रपट आणि टीव्ही कामगारांच्या मुंबईतील महासंघाने काम थांबवले. ठरलेली मजुरी द्या, ती वेळेवर द्या, कामाच्या तासांना मर्यादा घाला, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या महासंघात लेखकांची संघटनाही होती. घरोघरी रोजच्या मालिकांचे जुने भाग दिसू लागले आणि आपल्या सासू-सुनांमागे केवढा फौजफाटा राबतो, ते प्रेक्षकांना प्रथमच जाणवले. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मालिकांचे चित्रीकरण चालते. तिथे काम थांबले की रोजावर जगणाऱ्यांच्या चुली थंडावतात, आणि त्यांतल्या कितीतरी चुली कल्याण-डोंबिवलीत असतात.

फरक एवढाच, की अमेरिकेत संघटना सर्व मोठ्या निर्मात्यांशी एकत्र करार करते आणि त्यात किमान दर ठरलेले असतात. आपल्याकडे लेखक सहसा एकेकट्याने सही करतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. एक दुरावला तर चौथा बोलावता येतो. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार आणि पटकथालेखकांना रॉयल्टीचा हक्क दिला, तो मोठाच आधार. पण कायद्यातला हक्क पदरात पाडून घ्यायला संघटनेचे बळ लागते.

२०२३ च्या संपात लेखकांच्या दोन धास्ती होत्या. विनोदी कार्यक्रमांच्या लेखकांना दिवसाच्या हिशेबाने नेमण्याचा प्रस्ताव निर्मात्यांनी पुढे केल्याचे संघटनेने सांगितले होते. सकाळी नाक्यावर उभे राहून काम मिळण्याची वाट पाहणारे मजूर आपण रोज बघतो. लेखकालाही तसेच उभे करायचे का, हा प्रश्न होता. दुसरी धास्ती संगणकाकडून लिहून घेण्याची. संप सुमारे पाच महिने चालला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मिटला. कृत्रिम बुद्धिमत्तेला लेखक मानता येणार नाही, हे नव्या करारात नोंदले गेले.

तो प्रश्न मराठी पडद्यापुढेही आहे. रोजचा भाग रोज लिहायचा, तोही घाईने आणि स्वस्तात, असे ठरले की यंत्र सोयीचे वाटू लागते. पण डोंबिवलीच्या चुकलेल्या लोकलवरचा विनोद सुचतो तो ती लोकल चुकलेल्या माणसाला. मालिका संपताना धावणारी श्रेयनामावली एकदा थांबून वाचा. लेखकाचे नाव तिथे असते. ते आपल्या लक्षात राहिले, तर त्याच्या मागणीलाही वजन येईल.