पैसा कुणाचा कळतो, मेसेज कुणाचा कळत नाही

नांदेड आणि लातूरकडच्या बचत गटांत बसलं की एक प्रश्न हमखास निघतो : निवडणूक आली की मोबाईलवर काय काय येतं, त्यावर कुणाचा वचक असतो की नाही? असतो. पण सगळीकडे सारखा नसतो, आणि आपण बाया जिथं जास्त वावरतो तिथं तो सगळ्यात कमी.

आधी पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचं बघू. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला फेसबुक किंवा यूट्यूबवर जाहिरात द्यायची तर ती आधी निवडणूक आयोगाच्या समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. समाज माध्यमांना हा नियम २०१३ साली लागू झाला. जाहिरातीचा खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरतात.

२०१९ पासून फेसबुकही भारतात राजकीय जाहिरात देणाऱ्याची ओळख तपासतं. पैसे कुणी दिले त्याचं नाव जाहिरातीवर लिहावं लागतं. जाहिरात बंद झाली तरी ती कंपनीच्या 'ॲड लायब्ररी'त सात वर्षं राहते. तिथं कुणालाही बघता येतं : अंदाजे किती खर्च झाला, किती जणांना दिसली, त्यांत बाया किती, पुरुष किती. म्हणजे एखादी जाहिरात मुद्दाम बायांनाच दाखवली असेल, तर तेही उघडं पडतं. नाव मात्र कधी कधी असं ठेवतात की त्यावरून पक्ष ओळखू येत नाही.

आणि नियमात एक फट आहे. कुणी स्वतःच्या पानावर, पैसे न भरता, काही टाकलं तर ती जाहिरात धरत नाहीत. त्याला आधी मंजुरी लागत नाही.

आता व्हॉट्सॲप. तिथं मेसेज कुलूपबंद असतो; पाठवणारा आणि घेणारा सोडून तो कंपनीलाही वाचता येत नाही. आपल्या खासगी बोलण्यासाठी हे चांगलंच आहे. पण मग खोटं पकडायचं कुणी?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आठवा. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गेले होते. पोरं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज तेव्हा मोबाईलवर फिरत होते. लोकांनी त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर पाकिस्तानातल्या कराचीचा होता. लेकरांना जपा, हे सांगायला तो बनवला होता. शेवटी तसं लिहिलेलं होतं, तेवढाच भाग कुणीतरी कापून टाकला.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं केलं. पुढे आलेल्या मेसेजवर बाणाची खूण दिसू लागली. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरला असेल तर दोन बाण दिसतात, आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यामुळे असे मेसेज सत्तर टक्क्यांनी कमी झाले, असं कंपनीचं म्हणणं. दोन बाण म्हणजे खोटं असं नाही. पाठवणाऱ्या वहिनीने तो लिहिलेला नाही, एवढंच त्यातून कळतं. आणि तोच मजकूर कुणी कॉपी करून नव्याने चिकटवला, तर बाण दिसतच नाहीत.

निवडणुकीत खरी अडचण वेळेची आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाच्या ध्वनिफिती फिरल्या. आवाज आपला नाही म्हणत सुळे यांनी तक्रार केली. पडताळणी करणाऱ्यांनाही आवाज यंत्राने बनवल्यासारखे वाटले. पण सकाळी सात वाजता मतदान सुरू झालंच. शेवटच्या ४८ तासांत आयोगाचा आदेश आला की कंपन्यांनी तीन तासांत मजकूर काढायचा, असं २०१९ मध्ये ठरलंय. तीन तास ऐकायला थोडे वाटतात. तोवर तो किती ग्रुपवर गेलेला असतो! त्याच दिवशी नांदेडच्या लोकसभा पोटनिवडणुकीचं मतदान झालं आणि निकाल लागला अवघ्या १,४५७ मतांनी. आपल्याकडच्या दोन-तीन गावांत मिळून तेवढी मतं असतात.

मग आपल्या हातात काय? संशयाचा मेसेज दाबून धरला की 'रिपोर्ट' करता येतो. मग त्या पाठवणाऱ्याचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. पैसे, दारू, साड्या वाटताना कुणी दिसलं तर आयोगाच्या 'सी-व्हिजिल' ॲपवर तिथूनच फोटो काढून पाठवायचा. नाव न सांगताही तक्रार होते आणि शंभर मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. मतदार यादीबद्दल, मतदान केंद्राबद्दल उलटसुलट मेसेज आला तर १९५० ला फोन लावून विचारायचं.

गटाच्या ग्रुपवर ॲडमिनताईंना आणखी एक गोष्ट करता येते. सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील' असं करून ठेवता येतं. मतदानाआधीचे दोन दिवस तेवढं करा. हप्त्याच्या मीटिंगचा निरोप ताई टाकतीलच.