टिग मशीन घेण्याआधी: आपल्या कामाला कोणतं लागतं, आणि कुठे ते लावूच नये



पावसाळ्यात होड्या काठावर आल्या की डागडुजीची कामं निघतात. यंदा सर्वसाधारण सभेपुढे टिग वेल्डिंग मशीन घेण्याचा विषय आहे. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा, म्हणून माहितीही सगळ्यांना हवी.

आधी आपली चूक कबूल करतो. संस्थेच्या खोलीत एक टिग मशीन दोन वर्षांपासून धूळ खात पडलंय. आपण ते ॲल्युमिनियमच्या कामासाठी आणलं आणि पहिल्याच दिवशी कळलं की त्यावर ॲल्युमिनियम होतच नाही. खोक्यावर "टिग" लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. आपणच पुढचा प्रश्न विचारला नाही. तो प्रश्न कोणता, ते खाली सांगतो.

टिग म्हणजे काय?

साध्या रॉड वेल्डिंगमध्ये रॉड स्वतःच वितळून सांध्यात जातो. टिगमध्ये टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची बारीक कांडी असते. टंगस्टन ३,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं, म्हणून ती कांडी फक्त ठिणगी धरून ठेवते. भरायची सळई दुसऱ्या हाताने वेगळी द्यायची. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून टॉर्चमधून आर्गन वायू सोडतात. रॉडसारखी राख नाही, तुषार नाहीत, सांधा स्वच्छ येतो. पातळ पत्राही जळत नाही.

ही पद्धत १९४०च्या सुमारास अमेरिकेत विमानांच्या मॅग्नेशियमसाठी निघाली. तेव्हा आर्गनऐवजी हेलियम वापरत. हलका, पातळ, नाजूक धातू जोडायला ती जन्मली. आजही तिचं खरं काम तेच.

पहिला प्रश्न: एसी की डीसी?

दुकानात विचारायचा प्रश्न हाच. स्वस्तातली बहुतेक टिग मशीनं फक्त डीसी असतात. डीसीवर लोखंड आणि स्टेनलेस स्टील उत्तम होतं. ॲल्युमिनियमला एसी लागतं.

कारण असं. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्यावर जी गंजाची पातळ साय असते ती २,००० अंशाच्याही पुढे वितळते. त्यामुळे डीसीवर आतला धातू पाणी होतो, वरची साय तशीच राहते, आणि सगळं एकदम खाली गळतं. एसीमध्ये प्रवाह दिशा बदलत राहतो. एका दिशेला साय फुटते, दुसऱ्या दिशेला धातू वितळतो. एसी-डीसी दोन्ही असलेलं मशीन नुसत्या डीसीच्या दुप्पट-तिप्पट किमतीला जातं. म्हणून "टिग आहे का?" एवढंच विचारून चालत नाही.

आपली कामं कोणती?

उकाईच्या जलाशयात उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. त्यावर आपटून आउटबोर्ड इंजिनाच्या खालच्या घराचा पंखाखालचा पातळ पाता तुटतो. तो ओतीव ॲल्युमिनियमचा असतो, म्हणजे एसी टिग. ॲल्युमिनियमच्या होडीची शिवण उघडली, तरी तेच.

मासळीची स्टेनलेसची टेबलं, टाक्या, होडीचे कठडे, इंधनाच्या नळ्या: डीसी टिग पुरतं. गोड्या पाण्यात ३०४ दर्जाचं स्टेनलेस चालतं. ओलपाडकडच्या खाऱ्या तलावांत कोळंबी करणाऱ्या भावांनी ३१६ एल घ्यावं. ३०४ला ईआर ३०८ एलची सळई, ३१६ला ईआर ३१६ एलची. नावातला "एल" म्हणजे कार्बन कमी. कार्बन जास्त असला की सांध्याच्या बाजूची पट्टी गंजते.

पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाच्या जीआय पाइपच्या चौकटीला मात्र टिग नको. वरचं जस्त जळून टंगस्टन खराब होतं आणि तो पांढरा धूर घेतला की रात्री थंडी-ताप भरतो. तिथे सांध्याजवळचं जस्त घासून काढा आणि साधं रॉड वेल्डिंग उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा.

मशीनच्या पाटीवर काय बघायचं?

अँपिअर: लोखंडाला एका मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपिअर धरा, ॲल्युमिनियमला थोडे जास्त. आपला पत्रा ३-४ मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जातो. २०० अँपिअर पुष्कळ झाले.

ड्युटी सायकल: पाटीवर "२०० अँपिअर, ६० टक्के" असेल तर १० मिनिटांत ६ मिनिटं काम आणि ४ मिनिटं विश्रांती. २० टक्के असेल तर दोनच मिनिटं. नुसता २०० चा मोठा आकडा बघून फसू नका.

ठिणगीची सुरुवात: "हाय फ्रिक्वेन्सी" असेल तर कांडी न टेकवता ठिणगी पडते. ॲल्युमिनियमला हीच सोय हवी.

वीज: २०० अँपिअरवर हे मशीन ६ केव्हीएच्या आसपास ओढतं. घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवर जोडलं तर वायर तापेल. वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि पक्की अर्थिंग लागते. काठावर जनरेटरवर चालवायचं तर तो ८ ते १० केव्हीएचा हवा.

टॉर्च: सोबत येणारा १७ नंबरचा हवेवर थंड होणारा टॉर्च साधारण १५० अँपिअरपर्यंतचा असतो. मशीन २०० चं आणि टॉर्च १५० चा असेल, तर काम १५० चंच.

कांडीचा रंग: लाल टोकाच्या कांडीत थोरियम असतं, ते किरणोत्सारी. घासताना त्याची धूळ पोटात जाऊ शकते. सोनेरी किंवा निळ्या टोकाची लॅन्थेनमवाली घ्या. ती एसी-डीसी दोन्हीला चालते.

मशीननंतरचा खर्च

आर्गनचा मोठा बाटला साधारण ७ घनमीटरचा, म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला १० लिटर धरले तर ७०० मिनिटं, जवळपास पावणेबारा तास. उघड्यावर वारा आला की वायू उडतो आणि सांध्यात भोकं पडतात. मग सगळे वायू वाढवतात आणि बाटला लवकर संपतो. त्यापेक्षा ताडपत्रीचा आडोसा करा. रेग्युलेटर, सळया, कप, काळी काच आणि स्टेनलेससाठी वेगळा ब्रश, हे सगळं धरूनच हिशोब मांडा. लोखंडाचा ब्रश स्टेनलेसवर फिरवला तर तिथेच गंज धरतो.

जिवाशी खेळ नको

मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदाचा हात भाजला. डिझेलचा डबा रिकामा होता म्हणून त्याने वेल्डिंगला घेतला. मंडळी, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. आत वाफ आणि हवा मिसळलेली असते, त्यालाच ठिणगी हवी असते. हात वाचला, बोटं अजून नीट मिटत नाहीत. म्हणून नियम एकच: इंधनाची टाकी घरी वेल्डिंग करायची नाही. पेट्रोलची तर मुळीच नाही. जिथे टाकी आतून पूर्ण धुऊन, वाफ काढून, तपासून मगच काम करतात तिथेच द्या, नाहीतर नवीन घ्या.

आर्गनला वास नाही, रंग नाही आणि तो हवेपेक्षा जड आहे. होडीच्या मासळीच्या खणात किंवा टाकीत उतरून काम केलं तर तो तळाशी साचतो आणि प्राणवायू ढकलून देतो. माणसाला गुदमरल्याचं कळतही नाही, तो सरळ खाली पडतो. खणात एकट्याने उतरू नका. वर माणूस ठेवा, पंखा लावा. कोणी पडलाच तर मागून उडी मारू नका, आधी हवा खेळती करा.

फायबरच्या होडीवर असताना कठडा वेल्ड करू नका. तो सोडवून जमिनीवर आणा, राळ पेट घेते. होडीची बॅटरी आणि जीपीएस आधी काढून ठेवा. साफसफाईला क्लोरीन असलेला स्प्रे वापरू नका. ठिणगीच्या उजेडात त्याचा विषारी वायू होतो. आणि पोराबाळांना लांब ठेवा. ठिणगीकडे बघितलं की लगेच काही होत नाही, रात्री डोळ्यात वाळू टोचल्यासारखं होतं.

मग संस्थेने काय करावं?

आमचं मत स्पष्ट सांगतो. आपली ॲल्युमिनियमची कामं मोजकी आहेत. बारडोलीत साखर कारखाना असल्यामुळे पाइप आणि टाक्यांचं काम करणारे चांगले हात आहेत. तुटलेला भाग सोडवून त्यांच्याकडे नेणं आज परवडतं. एसी-डीसी मशीन घ्यायचं तर दोन अटी असाव्यात. एक, आपल्यातल्या कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड करून आलेली असावी. हात नसेल तर हे मशीनही पहिल्यासारखंच कोपऱ्यात बसेल. दोन, वर्षाची कामं आधी कागदावर दिसावीत.

म्हणून सभेआधी प्रत्येकाने एवढं लिहून द्या: गेल्या वर्षी वेल्डिंगचं कोणतं काम केलं, धातू कोणता होता आणि किती पैसे गेले. खोलीतलं डीसी मशीन विकायचं नाही असं आम्हाला वाटतं. स्टेनलेसच्या टाक्यांना ते कामाचं आहे, फक्त अर्थिंग आणि आर्गन हवा.

माहिती घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, खास करून टाकीचा भाग. शंका असेल तर कार्यालयात या, मशीन उघडून दाखवू.

आपला,
सचिव