दोन पेशींमधली दारं

बायपास पार पडतो. श्वासाची नळी निघते, पेशंट दोन चमचे पेज घेतो, घरच्यांच्या जिवात जीव येतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॉनिटरवरची लय एकाएकी विस्कटते. टाके शाबूत, जोडलेल्या रक्तवाहिन्या वाहत्या, तरी नाडीला ताळ नाही. साधारण दर तिघा-चौघांत एकाच्या अलिंदांत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, हा गोंधळ उडतो. वय, सूज, अॅड्रिनलिनचा मारा ही कारणं डॉक्टर सांगतात, ती खरीच आहेत. पण आणखी एक कारण पेशी जिथे एकमेकींना भिडतात तिथे आहे, आणि त्याबद्दल घरच्यांशी फारसं कुणी बोलत नाही.

1953 साली फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधारे पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हा हृदयाचा स्नायू सलग आहे की सुट्या पेशींचा, हा वाद मिटलेला नव्हता. पुढच्याच वर्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो निकाली काढला: पेशी सुट्याच, पण टोकाला टोक भिडवून बसलेल्या. त्या टोकांवर बारीक दारं असतात. एका पेशीची सहा कनेक्झिन प्रथिनं, शेजारणीची सहा, अशी 12 मिळून एक नळी. तिच्यातून आयन पलीकडे जातात आणि ठोका पुढे सरकतो. ही प्रथिनं जेमतेम काही तास टिकतात. पेशी जुनी मोडते, नवी बसवते. आपण झोपलेले असतानाही हे चालूच!

आता ऑपरेशनच्या टेबलावर या. महाधमनीला क्लॅम्प लागतो आणि हृदयात गार, पोटॅशियमयुक्त द्रावण सोडतात. रक्तात पोटॅशियम लिटरला 3.5 ते 5 मिलिमोल असतं. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रावणात 16. हृदय सैल पडून थांबतं. त्याची भूक खूप कमी होते, पण संपत नाही. क्लॅम्प लांबला की पेशीतली ऊर्जा आटते, आम्ल आणि कॅल्शियम वाढतं आणि दारं मिटू लागतात.

हे मिटणं मुळात शहाणपणाचं आहे. एकोणिसाव्या शतकात शरीरक्रियाशास्त्रज्ञ एंगेलमान यांनी बेडकाच्या हृदयावर पाहिलं होतं, की इजा झालेला भाग स्वतःला बंद करून घेतो आणि शेजारी वाचतात. पेशी जगतात एकमेकींच्या आधाराने, मरण मात्र जिचं तिला.

अडचण पुढे आहे. सगळी दारं एकदम मिटत नाहीत, एकदम उघडतही नाहीत. काही कनेक्झिन टोकं सोडून पेशीच्या कडांवर सरकतं. मग सरळ धावणारी लाट कुठे रेंगाळते, कुठे अडते, कुठे वळसा घालून मागे फिरते. ही फिरती लाट म्हणजेच ती विस्कटलेली लय.

ऑपरेशननंतर लय अशी विस्कटते, तशी ती मंदावूही शकते. त्यासाठी अनेकदा सर्जन छाती बंद करण्यापूर्वी हृदयाच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक वायरी टाचून ठेवतात आणि त्यांची टोकं छातीच्या खाली, कातडीतून बाहेर काढतात. ठोका मंदावला, अडखळला, तर बाहेरचा पेसमेकर जोडायला त्या हाताशी असतात. लय दोन-चार दिवस नीट राहिली, की त्या हलकेच ओढून काढतात. पेशंटला आत कुठेतरी किंचित ओढ जाणवते, एवढंच.