१८४७ सालची ती पुस्तिका

एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या प्रेमसुनीतांची एक चिमुकली पुस्तिका. मुखपृष्ठावर गाव रेडिंग, साल १८४७ आणि शेरा, ‘प्रकाशनासाठी नव्हे’. ही सुनीतं जगाला कळली ती १८५०च्या संग्रहातून. म्हणजे ही त्याही आधीची छपाई! व्हिक्टोरियन कवितेच्या संग्राहकांनी तिच्यासाठी थैल्या मोकळ्या केल्या. तिच्यामागे कहाणीही गोड होती: पिसा शहरात नव्या नवरीने सुनीतांचं बाड हळूच नवऱ्याच्या, रॉबर्टच्या खिशात सरकवलं, मग मैत्रिणीने ते इंग्लंडात छापून घेतलं. शिवाय थॉमस वाइज या नामांकित ग्रंथसूचिकाराने पुस्तिकेवर शिक्कामोर्तब केलेलं.

जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या तरुण ग्रंथविक्रेत्यांना मात्र एक गोष्ट खटकली. प्रत्येक प्रत कोरी करकरीत कशी? कुणाला भेट दिल्याची ओळ नाही, त्या काळच्या एकाही पत्रात उल्लेख नाही.

मग त्यांनी कविता बाजूला ठेवली आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एकेकाळी इंग्लंडात कागद चिंध्यांचा होई. १८६१च्या सुमारास त्यात एस्पार्टो गवत आलं, रासायनिक लाकडी लगदा तर १८७४च्या आधी नव्हताच. आणि या पुस्तिकेत तोच लगदा निघाला! एलिझाबेथ १८६१ मध्येच वारली होती. तिच्या हयातीत जो कागद जन्मलाच नव्हता, त्यावर तिची ‘पहिली आवृत्ती’ छापलेली!

एवढ्यावर ते थांबले नाहीत. छपाईच्या जुन्या खिळ्यांमध्ये इंग्रजी ‘एफ’चा आकडा अंगाबाहेर लोंबे आणि मोडे, इथला ‘एफ’ आकडा आवरून बसलेला, म्हणजे १८८० नंतरचा. त्यात प्रश्नचिन्ह भलत्याच संचातलं. हीच भेसळ त्यांना लंडनच्या रिचर्ड क्ले छापखान्याच्या कामात सापडली. माझ्या मते सगळ्या तपासातला हा सर्वांत देखणा धागा.

१९३४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि संशयितांच्या यादीत अशा कितीतरी पुस्तिका निघाल्या. वाइजवर थेट आरोप नव्हता, पण वाचणाऱ्याला बोट कुठे वळलंय ते दिसत होतं. तीन वर्षांनी तो वारला. हॅरी बक्स्टन फोरमन या साथीदाराचा भाग पुढे उघड झाला. आता वाइजच्या बनावट पुस्तिकाही संग्राहक हौसेने विकत घेतात, अर्थात बनावट म्हणूनच.