दीड लाखाले ‘ओन्ली’ कायले?

मोताळ्यात कापसाचा हंगाम सुरू झाला, की बँकेत व्यापाऱ्यांचे चेक येऊ लागतात. माझी सगळी नोकरी काउंटरमागं असे चेक न्याहाळण्यात गेली. एकदा एका आजोबांनी नातवाकडून चेक वाचून घेतला आणि मलाच धरलं, “साहेब, दीड लाखाले ‘ओन्ली’ कायले लिवलं? हे का कमी हायेत?”

प्रश्न चोख होता. ‘खिशात ओन्ली दहा रुपये’ म्हणताना ‘ओन्ली’ कुरकुरतो. चेकवर मात्र तो वावराचा धुरा असतो. रक्कम इथं संपली, पुढं कुणी नांगर घालायचा नाही. ‘फाइव्ह थाउजंड’नंतर जागा मोकळी सोडली, तर तिथं ‘नाइन हंड्रेड’ आरामात बसतं. मराठीत ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’ लिहितात, तेही याचसाठी.

पण हा पहारा शेवटापुरताच. ‘सिक्स’ आणि ‘थाउजंड’मध्ये फट राहिली, तर ‘टी’ जोडून सहाचे साठ हजार होतात आणि टोकाला ‘ओन्ली’ निवांत उभा! म्हणून शब्द खेटून लिहावेत, उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढावी. कायद्यानं ‘ओन्ली’ची सक्ती केलेली नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चं १८वं कलम सांगतं, की आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर अक्षरी रक्कम धरायची. (प्रत्यक्षात बँका असा चेक बहुतेक वेळा परतच करतात.) म्हणजे राखण करायची ती अक्षरांची.

कोपऱ्यातल्या दोन तिरप्या रेघांमधला ‘अकाउंट पेयी ओन्ली’ रकमेला नाही, माणसाला बांधतो. पैसे त्याच नावाच्या खात्यात जमा होणार, रोख मिळणार नाही. मलकापूरच्या व्यापाऱ्याचा असा चेक घेऊन ‘नगदच द्या’ म्हणणाऱ्यांशी माझी कितीदा हुज्जत झाली असेल!

बोलण्यातला ‘ओन्ली’ आणखी निराळा. ‘मी मोताळ्याचाच’ याचं आमची पोरं ‘आय ॲम फ्रॉम मोताळा ओन्ली’ करतात. मराठीचा ‘च’ शब्दाच्या पाठीला चिकटतो, म्हणून ‘ओन्ली’ही मागं जातो. इंग्रजीचे मास्तर नाकं मुरडतात. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. खरी पंचाईत ‘मी येतोच’ची. हा ‘च’ खात्रीचा, मर्यादेचा नव्हे. त्याचं ‘आय विल कम ओन्ली’ केलं, तर ऐकणारा समजेल की गडी नुसता येणार, कामाला हात लावणार नाही. तिथं ‘डेफिनिटली’ म्हणावं.