अंगावर काटा आणणारा कोरस

चित्रपटगृहातले दिवे मंद होतात आणि आगामी चित्रपटाचा ट्रेलर सुरू होतो. आधी व्हायोलिनचा एकच लांबवलेला सूर, मग मोठ्या ढोलांचे ठोके, क्षणभर शांतता आणि पाठोपाठ वाद्यवृंदासह असंख्य गळ्यांचा कोरस. चित्रपट कशावर आहे हे कळण्याआधीच अंगावर काटा येतो. तो यावा, अशीच या संगीताची रचना असते.

चित्रपटाचे पार्श्वसंगीत पूर्ण होण्याआधीच बहुतेकदा ट्रेलर तयार होतो. त्यामुळे केवळ ट्रेलरसाठी संगीत करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. थॉमस बर्गरसन आणि निक फिनिक्स यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ‘टू स्टेप्स फ्रॉम हेल’ ही त्यातली एक प्रसिद्ध कंपनी. चित्रपटांत मात्र कोरसचा असा वापर त्याआधीपासून होतो आहे. ‘द ओमेन’ (१९७६) या चित्रपटातल्या लॅटिन कोरसच्या संगीताने जेरी गोल्डस्मिथ यांना ऑस्कर मिळवून दिले. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या १९९९ च्या चित्रपटात जॉन विल्यम्स यांनी कोरसला चक्क संस्कृत शब्द दिले, तर ‘मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स’च्या (२००३) अखेरच्या लढाईत बृहदारण्यक उपनिषदातले शब्द ऐकू येतात. बहुतेक प्रेक्षकांना यातला एकही शब्द कळत नाही, तरी काटा येतोच.

काटा येतो म्हणजे नेमके काय होते? केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकुंचन पावतात आणि केस ताठ होतात. थंडी वाजली किंवा भीती वाटली की जी मज्जासंस्था आपोआप जागी होते, तिचेच हे काम. नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भावांत ‘रोमांच’ मोजला आहे, तो हाच.

मेंदूत काय घडते, हे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. आवडते संगीत ऐकताना रोमांचाच्या क्षणी डोपामाइन हे रसायन स्रवते, आणि त्याआधी, ‘आता तो क्षण येणार’ या नुसत्या अपेक्षेनेही मेंदूच्या वेगळ्या भागात ते स्रवते. ट्रेलरमधली ती क्षणभराची शांतता म्हणूनच इतकी परिणामकारक ठरते. अर्थात, सर्वांनाच असा अनुभव येत नाही. कान आणि मेंदू निरोगी असूनही संगीतातून फारसा आनंद न मिळणारी माणसेही असतात.

रोमांच आणणाऱ्या जागा तपासल्या, तर तिथे काहीतरी बदलताना दिसते. नवा आवाज प्रवेश करतो, स्वरांची दिशा अनपेक्षितपणे वळते किंवा हळू आवाज एकदम मोठा होतो. मोठेपणाला महत्त्व आहे, पण ते आधीच्या शांततेच्या तुलनेत. त्यामुळे आवाज एकंदर थोडा कमी ठेवला, तरी हा चढउतार कायम राहतो.

कानांच्या आरोग्यासाठी ही गोष्ट मोलाची आहे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला अवघ्या २० मिनिटांवर! ट्रेलर फार मोठ्याने वाजतात अशा तक्रारी वाढल्यावर अमेरिकेतल्या चित्रपट व्यवसायाने त्यांच्या आवाजावर स्वतःच मर्यादा घालून घेतली.

चित्रपटगृहातले ट्रेलर काही मिनिटांत संपतात. खरा धोका हेडफोनवर असे संगीत तासन्‌तास ऐकण्यात आहे. ते शांतपणे सुरू होते, म्हणून आपण आवाज वाढवतो आणि कोरस येतो तेव्हा तो वाढवलेलाच राहतो. त्यामुळे आवाजाची पातळी सुरुवातीच्या शांत भागावर नव्हे, तर सर्वांत मोठ्या भागावर ठरवा. मोबाइलमध्ये आवाजाची मर्यादा ठरवण्याची सोय असेल, तर ती वापरा. अधूनमधून कानांना विश्रांती द्या. ऐकून झाल्यावर कानात शिटीसारखा आवाज येत असेल किंवा दडे बसल्यासारखे वाटत असेल, तर आवाज जास्त झाला असे समजा. हे वारंवार होत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या.