वेरूळच्या भिंतीतला वाख

वेरूळला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असाल. कैलास लेण्यापुढे फोटोही काढला असेल. पण बारा नंबरच्या लेण्यातला मातीचा गिलावा कुणी निरखून पाहिलाय? नाही ना? मीही पाहिला नव्हता, आणि मी तर सहली घेऊन जाणारी बाई!

त्या गिलाव्यात मातीबरोबर झाडाचे तंतू मिसळलेले आहेत. पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २०१६ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. हे तंतू भांगेचे, म्हणजे इंग्रजीत जिला हेंप म्हणतात तिचे! (हसू नका. नशा पानाफुलांत; दोर नि कापड होतं ते खोडाच्या सालीतल्या धाग्यांचं.) या तंतूंनी शेकडो वर्षं माती धरून ठेवली, किडेही लांब ठेवले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलं, असं या दोघांचं म्हणणं.

हे वर्गात सांगितलं, तर एकजण लगेच म्हणाला, "बाई, आपण लावू या का भांग?"

छे! त्याला सरकारी परवाना लागतो. पण भांगेची एक मानलेली बहीण आपल्या बांधावरच असते. अंबाडी! तिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी. पानं तशी दिसतात ना, म्हणून. इंग्रजीत तर तिला 'डेक्कन हेंप' असंच म्हणतात. कोवळी असताना आपण तिची लसणाची फोडणी दिलेली भाजी खातो. फुलावर आली की कापायची, पेंढ्या बांधून पाण्यात बुडवायच्या. गर कुजतो, साल सुटते. ती सोलून, धुऊन, वाळवली की पांढुरका वाख तयार.

मागच्या वर्षी शाळेमागे दोन ओळी अंबाडी लावली. दिवाळीच्या सुट्टीआधी पेंढ्या पिंपात टाकल्या. सुट्टीनंतर झाकण उघडलं आणि काय वास तो! सालीबरोबर धागेही कुजले होते, बोटानं तुटत होते. सगळी मेहनत पाण्यात गेली, अगदी खरोखरच.

एका मुलाचे आजोबा ते बघून हसले. म्हणाले, "बाई, रोज एक काडी सोलून बघावं लागतंय. वाखाला सुट्टी नसती!"

त्यांनी घरून वाख आणला आणि ओसरीवर बसून दोर वळून दाखवला. त्यातली गंमत ऐका. दोन पदर घ्यायचे, दोन्हींना उजवीकडे पीळ द्यायचा. मग दोन्ही एकमेकांभोवती वळायचे ते मात्र डावीकडे. प्रत्येक पदर उलगडू पाहतो आणि त्या ओढीनंच दुसऱ्याला जखडतो! दोन्ही पीळ एकाच बाजूला दिले तर हात सोडताच दोर सुटतो. घरी सुतळीचे धागे सोडवून करून बघा.

वेसण, म्होरकी, कासरा, दावं, चऱ्हाट, गोफण, शिंकं... आजोबा नावं घेत होते, पोरं वहीत लिहीत होती. प्रत्येकाची जाडी वेगळी, पीळ वेगळा. मातंग समाजाचा हा पिढीजात व्यवसाय. पोळ्याला बैलांना सगळा साज नवा लागायचा. आता बाजारातून नायलॉनचा दोर येतो. तो स्वस्त असतो, पावसात कुजत नाही, हे मान्यच. पण बैलाच्या मानेला काचतो. आजोबांच्या घरातही आता वळणारे ते एकटेच.

आम्ही शिंकं शिकलो. आठ दोऱ्यांना खाली एक गाठ, वर जोडीजोडीनं चार गाठी, मग शेजारच्या जोडीतली एकेक दोरी घेऊन पुन्हा चार. जाळी आपोआप होत जाते. पहिलं शिंकं मडक्यासकट खाली आलं! दुसरं अजून व्हरांड्यात आहे, त्यात चिमण्यांसाठी पाणी असतं.

आजोबांनी यंदा मूठभर बी दिलंय. काडी सोलून बघायची पाळी रोज एकाची, सुट्टीतसुद्धा. तसा तक्ता पोरांनी आत्ताच फळ्याशेजारी लावून टाकलाय.